बाहेरच्या भिंतीवरची ओल: गिलावा फोडावा की आधी कारण शोधावे?

घरमालक, शुक्रवार पेठ, कोल्हापूर:
आमचे जुने, विटांचे घर नदीकडच्या उताराला आहे. उत्तरेच्या बाहेरील भिंतीवर, जमिनीपासून सुमारे चार फुटांवर, परातीएवढा ओला डाग पडतो. पावसाळ्यात पडला असता तर प्रश्नच नव्हता. पण ऐन मे महिन्यात, वळीवही झालेला नसताना, तो सकाळी काळपट असतो आणि दुपारपर्यंत फिकट होतो. आतून त्याच भिंतीला मोरी आहे. २०१९ च्या महापुरात, पंचगंगेच्या राजाराम बंधाऱ्यावरची धोक्याची पातळी ४३ फूट असताना पाणी ५५ फुटांच्या वर गेले, तेव्हा या भिंतीला तीन फूट पाणी होते, आणि पुढे आम्ही सिमेंटचा गिलावा करून घेतला. रंगवाल्याने ओलावा मोजणारे यंत्र लावून मोठा आकडा दाखवला व जलरोधक रंगाचे दोन हात सुचवले. पाण्याचा मीटर रात्रभर पाहिला, तो जागचा हलला नाही. म्हणून गळती नाही आणि फोडाफोडही नको, असे माझे मत आहे.

बांधकाम कंत्राटदार:
मत पटत नाही. आपला मीटर महापालिकेच्या नळावर आहे. गच्चीवरच्या टाकीतून मोरीपर्यंत उतरणारा पाइप त्याच्या पुढे येतो आणि टाकीचा व्हॉल्व्ह बंद असेल तर तिथली गळती मीटरला कळतच नाही. सांडपाण्याचा पाइप तर मीटरच्या हिशेबातच नसतो. मोरीमागे डाग असताना वेगळे कारण शोधत बसणे म्हणजे काखेत कळसा आणि गावाला वळसा. एक फूट गिलावा फोडा, पाइप दिसेल. पावसाळा तोंडावर आहे.

निवृत्त स्थापत्य अध्यापक:
मीटरचा मुद्दा बिनतोड आहे, निष्कर्ष मात्र घाईचा आहे. गळतीचा डाग सहसा मोरीच्या वापराबरोबर वाढतो. हा डाग हवेबरोबर वाढतो. जुन्या भिंतींना बहुधा ओलरोधक थर नसतो, त्यामुळे जमिनीतले पाणी विटांतून वर चढते, सोबत क्षार आणते आणि जिथे सुकते तिथे ते क्षार सोडून जाते. हे क्षार दमट हवेतले पाणी ओढून घेतात. यालाच आपण भिंतीला लोणा लागणे म्हणतो. सिमेंटच्या गिलाव्याने खालची भिंत श्वास घेईनाशी झाली की ओल आणखी वर सरकते. रंगवाल्याचे यंत्र विजेच्या वहनावरून ओलावा ठरवते आणि क्षारांमुळेही त्याचा आकडा फुगतो, म्हणून तो पुरावा मी धरत नाही. जलरोधक रंगाने तर पाणी आत कोंडेल आणि फुगे येतील.

कंत्राटदार:
मग पुराचे पाणी चारही भिंतींना लागले असताना लोणा एकाच भिंतीला, तोही परातीएवढाच, का लागावा?

शेजारच्या गल्लीतील गृहिणी:
कारण त्या भिंतीला लागून पूर्वी म्हशींचा गोठा होता. माझ्या सासूबाई तिथून दूध आणत असत. गोमूत्र आणि शेण वर्षानुवर्षे तिथेच मुरले आहे.

अध्यापक:
ही माहिती फार मोलाची आहे, कारण गोठ्याच्या मातीत नायट्रेट क्षार साठतात आणि पूर्वी सोरा, म्हणजे बंदुकीच्या दारूत लागणारा क्षार, अशाच मातीतून काढला जात असे. घरमालकांनी डागावरचा आणि कोरड्या जागेवरचा समान वजनाचा गिलावा खरवडावा, उन्हात वाळवावा आणि पाण्याच्या वाटीसह एकाच बंद डब्यात दोन दिवस ठेवावा. मग कोणाचे वजन जास्त वाढले ते पाहावे, कारण क्षार असलेला नमुना जास्त पाणी ओढेल. एवढा फरक स्वयंपाकघरातल्या काट्यावर कळणार नाही. गुजरी या सराफ बाजारातला ओळखीचा सराफ हसेल, पण वजन करून देईल. मोरीचीही परीक्षा व्हावी: ट्रॅपच्या (वास अडवण्यासाठी पाणी धरून ठेवणाऱ्या पाइपच्या वाकड्या भागाच्या) पुढे बुच मारून पाणी भरावे, पातळीवर पेन्सिलीची खूण करावी आणि सकाळी पाहावे. त्याच रात्री टाकीतही खूण करावी.

घरमालक:
तिन्ही गोष्टी केल्या. सराफ खरोखरच हसला. डागावरच्या नमुन्याचे वजन कोरड्या नमुन्यापेक्षा स्पष्ट जास्त वाढले. टाकीतली खूण जागच्या जागी राहिली. मोरीतले पाणी मात्र एका रात्रीत इंचभर उतरले.

कंत्राटदार:
इंचभर पाणी वाफ होऊन जात नाही. ते त्याच भिंतीत गेले आहे.

अध्यापक:
किंवा खाली जमिनीत गेले आहे, आणि तिथून क्षार घेऊन वर चढते आहे. तसे असेल तर आपण दोघेही अर्धे बरोबर ठरतो, जे मला मान्य करणे जड जात आहे.

घरमालक:
शनिवारी मोरीची फरशी आतून उचलून ट्रॅपचा जोड पाहणार आहे. बाहेरच्या गिलाव्याला दिवाळीपर्यंत हात लावणार नाही, आणि रंगवाल्याला नको म्हणून कळवले आहे.