अनुभव धागा : गोव्याच्या हवेत खुली मानके. काय चालते, काय नावापुरते?

दुकानात खुल्या मानकाची (कोणत्याही कंपनीला पाळता येतील असे जाहीर नियम), म्हणजे ‘सगळ्याला चालते’ म्हणून विकलेली वस्तू घरी आणल्यावर नक्की कशाला चालते, याची नोंद एका जागी असावी म्हणून हा धागा. केबल, राउटर, कॅमेरा, फाँट, नकाशा, काहीही चालेल. आपल्याकडची परिस्थिती धरून लिहा: जून ते सप्टेंबरची दमट हवा, किनाऱ्याचा खारा वारा, चुडत (माडाची झावळी) पडून तुटणाऱ्या तारा, सत्तरी-सांग्यात डोंगराआड जाणारा सिग्नल. आत्मचरित्र नको. आकडे, भागांची नावे, काय बिघडते आणि का, एवढे पुरे. अमुक कंपनी बेकार, एवढेच सांगायचे असेल तर ते इथे नको.

पोरसू

केबलपासून सुरू करतो, कारण सर्वांत जास्त पैसे तिथेच वाया जातात. युरोपीय संघाने २८ डिसेंबर २०२४ पासून नव्या फोनना यूएसबी-सी सक्तीचे केले, त्याच्या आदल्या वर्षी, २०२३ मध्येच, आयफोन १५ सी पोर्ट घेऊन आला, आणि आपल्या बीआयएसनेही (भारतीय मानक ब्यूरो) सी पोर्टचे भारतीय मानक काढले. यातून प्लगचा आकार एक झाला. केबलच्या आत काय आहे ते मात्र अजून वाचूनच घ्यावे लागते.

साधी सी-टू-सी केबल ३ अँपिअरची, म्हणजे २० व्होल्टवर ६० वॅट. त्यापुढे ५ अँपिअर हवे असतील तर केबलच्या टोकात ई-मार्कर नावाची चिप लागते. चिप दिसली नाही की चार्जर ३ अँपिअरच्या वर जातच नाही. म्हणून १०० वॅटचा चार्जर लावूनही लॅपटॉप ६० वर घुटमळतो आणि लोक चार्जर परत करायला धावतात. पाकिटावर ६० किंवा २४० वॅट असा स्पष्ट आकडा छापलेला हवा. ‘सुपर फास्ट’ हा आकडा नव्हे.

डेटाचा वेग हा पुन्हा वेगळा मामला. २४० वॅटची जाडजूड केबल ४८० मेगाबिटची असू शकते, बहुतेक वेळा असतेच. तिच्यातून प्रत्यक्षात सेकंदाला ३५ एमबीच्या आसपास मिळतात, म्हणजे ६४ जीबी फोटो उतरवायला अर्धा तास. ५ गिगाबिटची केबल घेतली तरी फोनचा पोर्ट तेवढा हवा. आयफोन १५ च्या साध्या मॉडेलचा पोर्ट ४८० मेगाबिटचाच आहे, तिथे महाग केबल घेऊन उपयोग शून्य.

बाय_डिचोलीची

सी पोर्ट असलेली स्वस्त बॅटरी, ट्रिमर, छोटा पंखा लॅपटॉपच्या सी चार्जरवर चार्जच होत नाही आणि जुन्या ए-टू-सी केबलवर (एका टोकाला जुना चौकोनी यूएसबी-ए) लगेच होतो. हे कसे?

पोरसू

सी चार्जर समोर कोणी आहे याची खात्री पटल्याशिवाय वीज सोडत नाही. ती खात्री पटते उपकरणाच्या सीसी (जोडणी ओळखणाऱ्या) पिनांवर बसवलेल्या ५.१ किलोओहमच्या दोन रोधांवरून. स्वस्त मालात हे काही पैशांचे रोध गाळलेले असतात. ए पोर्टवर ५ व्होल्ट कायम असतात, म्हणून तिथे चालते. उपाय एकच: त्या वस्तूबरोबर ए-टू-सी केबल कायमची बांधून ठेवा.

स्वतःचे जलद चार्जिंग असलेल्या फोनांचेही असेच. कंपनीचा चार्जर आणि कंपनीचीच केबल, तरच तो मोठा आकडा. दुसरा चार्जर लावला तर काही फोन पीडीवर (यूएसबीची जलद चार्जिंगची सामाईक पद्धत) १८ ते ३० वॅट घेतात, काही थेट १० वॅटवर येतात. विकत घेण्यापूर्वी माहितीपत्रकात पीडी आणि पीपीएस (पीडीचाच व्होल्टेज बारीक टप्प्यांनी बदलणारा प्रकार) ही दोन नावे शोधा.

केरीचा_वारा

किनाऱ्याजवळ राहणाऱ्यांसाठी पोर्टबद्दल. ‘ओलावा आढळला’ अशी सूचना फोन कोरडा असतानाही येत राहिली तर बहुधा कारण पाणी नाही, मीठ. समुद्राच्या वाऱ्यातले मीठ पिनांवर बसते आणि हवेतला ओलावा ओढून घेते, मग तो थर वीज वाहू लागतो. पंख्यासमोर ठेवल्यावर सूचना जाते, रात्री पुन्हा येते.

फोन बंद करा. आधी लाकडी दातकोरणीने पोर्टच्या तळाचा कापसासारखा मळ ओढून काढा, धातूची सुई नको. मग ९९ टक्क्यांचे आयसोप्रोपिल अल्कोहोल मऊ ब्रशने लावून पोर्ट खाली तोंड करून अर्धा तास ठेवा. औषधाच्या दुकानात मिळते ते बहुधा ७० टक्क्यांचे, त्यात उरलेले पाणीच असते, ते नको. तांदळाच्या डब्यात फोन पुरू नका, पीठ आणि कोंडा पोर्टमध्ये जातो. ओल्या पोर्टला चार्जर लावणे सर्वांत वाईट: पाच व्होल्टची पिन मिठाच्या पाण्यात विद्युत विघटनाने हिरवी पडते आणि मग पोर्टच बदलावा लागतो.

चुडत

इंटरनेटवर सविस्तर लिहितो, कारण पावसात याच्याच तक्रारी असतात.

घरी येणारी फायबर बहुतेक ठिकाणी जीपॉन पद्धतीची, म्हणजे आयटीयूच्या (आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघटना) जी.९८४ मानकाची. तिची चांगली बाजू अशी की केंद्रापासून घरापर्यंत मध्ये कुठेही वीज लागत नाही, खांबावर फक्त प्रकाश वाटून देणारा काचेचा स्प्लिटर असतो. म्हणून गावातली वीज गेली तरी केंद्रावर जनरेटर असेल आणि घरचा डबा (तारेतल्या प्रकाशाचे नेट करणारे यंत्र) चालू असेल तर नेट चालते. खांबावर स्विच लावून इथरनेटने घरे जोडणारे केबलवाले असतील तर मात्र घरी कितीही बॅकअप ठेवा, तो स्विच बंद पडला की संपले. जोडणी घेण्यापूर्वी एवढे विचाराच.

डब्यावर एलओएसचा लाल दिवा लागला तर प्रकाश येत नाही: चुडत पडली, नाहीतर तार वाकली. दिवा हिरवा पण नेट तुटक, असे असेल तर ब्राउझरमधून डब्याच्या सेटिंगच्या पानावर जाऊन ‘आरएक्स पॉवर’ पाहा. उणे १५ ते उणे २४ डीबीएम ठीक. उणे २७ च्या आसपास गेले की पहिल्या जोरदार सरीत जोडणी जाणार. कारण पुष्कळदा घरातच सापडते: कपाटामागे काटकोनात दाबलेली तार, नाहीतर हिरव्या टोकाच्या कनेक्टरला निळ्या टोकाचा जोडलेला. हिरव्याचे टोक तिरके घासलेले असते, निळ्याचे जवळजवळ सपाट. दोन्ही एकमेकांत बसतात आणि प्रकाश गळतो. हिरव्याला हिरवाच.

आता बॅकअप. डबा बहुधा १२ व्होल्टवर चालतो आणि ६ ते ९ वॅट खातो. छोटा यूपीएस घेताना प्लग बघा: बाहेरचा व्यास ५.५ मिमी, पण आतले भोक २.१ किंवा २.५. पिन २.१ ची आणि प्लग २.५ चा असेल तर तो बसतो, पण सैल, आणि राउटर दर थोड्या वेळाने पुन्हा सुरू होतो. लोक याला ‘नेट गंडले’ म्हणतात. आतली पिन धन आहे ना, हेही लेबलवरच्या चित्रात तपासा.

पॉवर बँकेवरून १२ व्होल्ट काढणारी केबलही मिळते, पण सावध: पीडीमध्ये ५, ९, १५ आणि २० हे नेहमीचे टप्पे, १२ ऐच्छिक. पॉवर बँकेच्या पाठीवर १२ छापलेला नसेल तर केबल ९ वर उतरते आणि राउटर अर्धवट जागा होतो. १० हजार एमएएच म्हणजे ३७ वॅट-तास, रूपांतरात थोडे जाऊन ३० धरा. नऊ वॅटच्या डब्याला सव्वातीन तास.

घाटपायथा

चुडत यांचे बरोबर, पण ‘जीपॉन मानक आहे’ यावर फार विसंबू नका. बाजारातून आणलेला डबा तारेला लावला म्हणजे नेट सुरू होत नाही. सेवादाराने त्याचा अनुक्रमांक आपल्या यंत्रणेत चढवावा लागतो, आणि केंद्रातले यंत्र व घरचा डबा वेगवेगळ्या कंपन्यांचे असले की फोनची जोडणी किंवा वायफायच्या सेटिंग अडतात. शहाणा मार्ग: त्यांचा डबा ब्रिज मोडवर (तो फक्त तार जोडतो, बाकी काम आपला राउटर करतो) टाकून घ्या आणि मागे आपला राउटर लावा. त्यासाठी पीपीपीओईचे (नेटच्या लॉगिनची पद्धत) नाव, पासवर्ड आणि व्हीलॅन (तारेतल्या आभासी वाटेचा) क्रमांक आधी लेखी मागून घ्या. राउटर ओपनडब्ल्यूआरटी (राउटरसाठीची खुली प्रणाली) चालणारा हवा असेल तर खोक्यावरचे मॉडेल पुरत नाही, तळाच्या लेबलवरची हार्डवेअर आवृत्ती पाहा. एकाच नावाखाली आतली चिप बदललेली असते. १६ एमबी फ्लॅश आणि १२८ एमबी रॅमच्या खाली घेऊ नका.

शुक्रवारचा_बाजार

क्यूआरबद्दल थोडके. क्यूआर १९९४ मध्ये जपानच्या डेन्सो वेव्हने काढला आणि पेटंटचा हक्क न बजावता सर्वांना वापरू दिला. म्हापशाच्या बाजारात मिरच्यांच्या ढिगाशेजारी कोणाचाही स्टिकर कोणत्याही ॲपने वाचला जातो तो त्यामुळे, आणि एनपीसीआयने (देशातली पेमेंट यंत्रणा चालवणारी संस्था) २०१६ मध्ये आणलेल्या यूपीआयमुळे. आवाज देणारा डबा मात्र ज्याचा त्याचाच. एकाचा स्टिकर आणि दुसऱ्याचा डबा ठेवला तर पैसे येतात, घोषणा होत नाही.

स्टिकर छापून घेताना ‘एच’ दर्जाची त्रुटीदुरुस्ती मागा, सुमारे ३० टक्के भाग खराब झाला तरी वाचतो. रुंदी वाचायच्या अंतराच्या दहाव्या भागाइतकी: हातभर, म्हणजे ५० सेमीवरून वाचायचा तर ५ सेमी. लॅमिनेशन चकचकीत नको, मॅट घ्या, शॅकवर उन्हात काच चमकते. आणि रोज सकाळी स्वतः स्कॅन करून नाव बघा. वरून दुसरा स्टिकर चिकटवून जाणारे आहेत.

माडाची_सावली

यूपीआयला खुले मानक म्हणणे मला पटत नाही. कोणतीही बँक दुसऱ्या बँकेशी बोलते हे खरे, पण नियम एकच संस्था ठरवते आणि तिच्या परवानगीशिवाय ॲप काढता येत नाही. परस्परांशी जुळणे वेगळे, खुले असणे वेगळे.

दशावतारी

मराठी मजकुराकडे कोणी वळले नाही अजून. जत्रेतल्या नाटकांच्या संहिता, चवथीच्या आरत्यांची पुस्तके, देवस्थानांच्या सूचना, किती तरी मजकूर जुन्या बिगर-युनिकोड फाँटांत अडकला आहे (युनिकोड म्हणजे सगळ्या संगणकांवर सारखी चालणारी अक्षरांची संकेतपद्धत). तो फाँट नसलेल्या संगणकावर इंग्रजी अक्षरांची भेळ दिसते. रूपांतर करणारी साधने आहेत, पण नंतर चार जागा डोळ्यांनी तपासाच: पहिली वेलांटी (जुन्या फाँटात ती व्यंजनाच्या आधी टंकतात, युनिकोडमध्ये नंतर साठवतात), रफार, जोडाक्षरावरची वेलांटी, आणि आकडे.

युनिकोडमध्येही एक खास मराठी अडचण आहे. ‘दऱ्या’, ‘कऱ्हाड’ यांतला अर्धा र दोन तऱ्हांनी लिहिता येतो: खालच्या टिंबाचा ऱ आणि हलन्त, किंवा साधा र, हलन्त आणि अदृश्य जोडचिन्ह. दिसायला सारखेच. शोधताना मात्र एक सापडतो, दुसरा नाही. इनस्क्रिप्टमध्ये (भारतीय भाषांचा प्रमाणित कळफलक) शिफ्ट-जे, मग डी, मग य किंवा ह, ही पद्धत धरून ठेवा आणि जुन्या फायलीत शोधा-बदला करून सगळे एका रूपात आणा. ‘ॲ’चेही तसेच: त्याला २००८ पासून युनिकोडमध्ये स्वतंत्र जागा आहे, पण काही कळफलक अ आणि चंद्र वेगळे टाकतात. पाचशे नावांच्या यादीत ‘ॲग्नेलो’ सापडत नसेल तर हे पाहा.

बाय_डिचोलीची

याला जोडून: फोनमधले संपर्क दुसऱ्या फोनवर नेताना मराठी नावांच्या जागी ‘=E0=A4’ असे काही दिसले तर फाइल बिघडलेली नसते. व्हीकार्डच्या (संपर्कांच्या फाइलचा प्रकार) २.१ आवृत्तीत देवनागरी अक्षरे अशी सांकेतिक लिहिली जातात आणि काही ॲप ती उलगडत नाहीत. निर्यात करताना ३.० निवडा, किंवा संपर्क आधी मेल खात्यात चढवून तिथून उतरवा.

तरीवरून

फेरीबोटीसाठी नकाशा. ओपनस्ट्रीटमॅपमध्ये (लोकांनी मिळून बनवलेला खुला नकाशा) रायबंदर-चोडणसारखे फेरीमार्ग रस्त्यासारखेच जोडलेले असतात, म्हणून ऑफलाइन ॲप तुम्हाला सरळ धक्क्यावर आणून सोडते. रात्री उशिरा निघणार असाल तर ‘फेरी टाळा’ लावा. सिग्नल नसतानाही जीपीएस चालते. पण नेटची मदत नसली की उपग्रहांची ताजी माहिती आकाशातूनच उतरवावी लागते, त्याला मोकळ्या आभाळाखाली निदान अर्धा मिनिट लागते, दाट झाडीत बरेच जास्त. घाट चढण्यापूर्वी फोन सुरू करून ठेवा.

घाटपायथा

होमस्टेवाल्यांसाठी कॅमेरे. खोक्यावर ऑनव्हिफ (वेगवेगळ्या कंपन्यांचे कॅमेरे आणि रेकॉर्डर जुळवणारे मानक) लिहिलेले असले तरी बऱ्याच कॅमेऱ्यांत ते बंद करून येते. सेटिंगमध्ये चालू करा आणि ऑनव्हिफसाठी वेगळा वापरकर्ता बनवा, मुख्य पासवर्ड बऱ्याचदा चालत नाही. एवढे करून ‘पासवर्ड चुकीचा’ आले तर कॅमेऱ्याचे घड्याळ तपासा. ओळख पटवताना वेळही पाठवली जाते, काही मिनिटांचा फरक पडला की नकार. चित्र येते पण मागचे चित्रण नीट चालत नाही, तेव्हा कंपनीचे खास ‘प्लस’ आकुंचन बंद करून साधे एच.२६४ किंवा एच.२६५ ठेवा.

कॅमेऱ्याला वीज नेटवर्कच्या तारेतूनच द्यायची तर ८०२.३एएफ (त्यासाठीचे मानक) लिहिलेला स्विच घ्या, तो आधी विचारतो आणि मग वीज सोडतो. २४ व्होल्टचे ‘पॅसिव्ह’ इंजेक्टर न विचारता सोडतात.

केरीचा_वारा

आणि ही नेटवर्कची तार. बाजारात स्वस्त मिळते ती ॲल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा दिलेली. सुरीने खरवडा, आत चांदीसारखा रंग दिसला तर परत ठेवा. खाऱ्या हवेत मुलामा फुटला की ती दोन पावसाळेही काढत नाही. तार कॅमेऱ्यात शिरण्यापूर्वी खाली झोळ द्या, म्हणजे पाणी झोळाच्या तळाशी गळून पडेल, कनेक्टरमध्ये जाणार नाही. आरजे-४५ (तारेच्या टोकाचा प्लग) च्या पिनांना डायइलेक्ट्रिक ग्रीस लावून वर पाणीरोधक टोपी. टोपीचे रबर तारेवर घट्ट बसायला हवे, नाहीतर ती पाणी साठवायच्याच कामाची.