प्रतिसाद: कमोडवर उकिडवं बसणारे

कमोडवर बुटांसकट चढणारे सगळे अडाणी, असं एक मत वाचलं, ते पटलं नाही. सवय असते ती. जपानमधल्या एका कारखान्यात जुन्या इमारतीत उकिडवं बसायचे संडास होते. म्हटलं, चला, घरचाच प्रकार! दाराकडे तोंड करून बसलो. पण तिथल्या भांड्याला एका टोकाला अर्धगोल उंचवटा असतो, किनकाकुशी म्हणतात त्याला, आणि तोंड त्याच्याकडे करायचं असतं. उलटं बसलं की सगळं भलतीकडेच.

दोन दिवसांनी आत भिंतीवर बाणासकट चित्र लागलं. तोंडाने कोणी अवाक्षर काढलं नाही. मजल्यावर परदेशी मी एकटाच! (तिथे संडासात वापरायच्या चपला वेगळ्या असतात, त्या आतच काढून ठेवायच्या; मी त्या घालून कॅन्टीनपर्यंत गेलो होतो, ते वेगळंच.)