शाळेच्या कॅन्टीनमधलं खाणं सुधारायचंय, पालक म्हणून कुठून सुरुवात करू? (कोल्हापूर)

नमस्कार मंडळी,

मुलगी सहावीत, मुलगा तिसरीत. विनाअनुदानित शाळा आहे, नाव मुद्दाम देत नाही. शाळा सकाळची, डबा छोट्या सुट्टीतच संपतो, मग मोठ्या सुट्टीत कॅन्टीन. तिथं वडापाव, समोसा, मैद्याचं पॅटीस, लालभडक नूडल्स आणि पाकिटातलं कुरकुरीत काहीबाही. फळ औषधालाही नाही.

परवा फी भरायला गेले तेव्हा मागच्या दारातून कढई दिसली. तेल काळं, घट्ट, कडेला फेस, आणि त्यातच नव्या तेलाची पिशवी रिकामी करणं चाललेलं. ठेकेदाराला विचारलं तर म्हणाला, "ताई, शाळेला भाडं किती मोजतो ते विचारा आधी. पोहे करून बघितले की, दुपारी आम्हालाच खावे लागले."

माणूस वाईट वाटला नाही, म्हणून तर अडलंय. ऑफिसात विषय काढला तर "डबा जास्त द्या" एवढंच उत्तर. पालक-शिक्षक संघाची सभा जवळ आलीय. तिथं हे कसं मांडू? नुसती तक्रार करून मुलांवर राग निघायला नको.

प्रतिसाद १
कागद हातात ठेवून बोला. 2020 च्या अन्नसुरक्षा नियमांप्रमाणे जास्त चरबी, मीठ, साखर असलेले पदार्थ शाळेच्या आवारात आणि फाटकापासून 50 मीटरच्या आत मुलांना विकता येत नाहीत. आपल्या राज्याच्या शालेय शिक्षण विभागानं तर 2017 मध्येच कॅन्टीनमधल्या जंक फूडवर बंदीचा निर्णय काढलाय. ठेकेदाराकडे अन्नसुरक्षेची नोंदणी किंवा परवाना लागतोच, 14 आकडी नंबर भिंतीवर लावलेला असतो, तो बघा. तेलाचं म्हणाल तर पोलर कंपाउंडचं (तेल पुन्हापुन्हा तापवल्यानं त्यात तयार होणारे खराब घटक) प्रमाण 25 टक्क्यांवर गेलं की ते तेल वापरता येत नाही. मोजायचं मीटर मिळतं, शाळेनं एक घ्यावं. अन्न व औषध प्रशासन आहेच, पण ते शेवटी. कॅन्टीनला कुलूप लागलं की पोरं फाटकाबाहेरच्या गाड्यावर जाणार, हे धरून चाला.

प्रतिसाद २
पोहे का उरले सांगू? सकाळी सातला केलेले अकराला वाढले असणार, गार पोहे कोण खातंय! आमच्याकडं पोरांनी काय उचललं ऐका : जोंधळ्याच्या पिठाचं थालीपीठ दह्याबरोबर, मोड आलेल्या मटकीची भेळ, गुळाची शेंगदाणा चिक्की. अंड्याला आधी काही पालकांचा विरोध झाला, मग वेगळ्या काउंटरवर ठेवलं. गूळ, शेंगा, दही आपल्याकडं काय कमी आहे व्हय? पण वडापाव एकदम काढू नका. आठवड्यातनं एक वार वडापावचा ठेवा, नाहीतर सगळी पोरं तुमच्या पोरीच्या नावानं ओरडतील. आणि यादी करताना सातवी-आठवीची दोन पोरं घ्या बरोबर. आयांनी ठरवलेलं मुलं खात नाहीत, हे आपल्या घरातही बघतोच की.

धागाकर्ती
दोघांचेही आभार. मटकीची भेळ नक्की चालेल, चिक्कीलाही अडचण नसावी. नियमाच्या प्रती काढते आणि सभेआधी वर्गातल्या चार-पाच पालकांशी बोलून ठेवते, एकटीनं हात वर करण्यात अर्थ नाही.

पण भाड्याचं काय? सगळं तिथंच अडतंय असं वाटतं. भाडं जास्त म्हणून स्वस्त तेल, आणि तळलेलंच पटकन खपतं म्हणून तळण. शाळेनं भाडं कमी करावं आणि त्याबदल्यात पदार्थांची यादी, रोज ताजं तेल आणि महिन्यातून एकदा पालकांची पाहणी या अटी करारातच घालाव्यात, असं सुचवायचं मनात आहे. करार जूनमध्ये नवा होतो म्हणे. कोल्हापुरात किंवा इचलकरंजीकडं कुणी शाळेला असं पटवलंय का? संस्थाचालकांशी आधी बोलावं की थेट सभेत? अर्जाचा मसुदा असेल तर कृपया टाका.