'किंग' म्हणजे आपला 'जनक' का?

धागाकर्ता: इंग्रजी 'किंग', डच 'कोनिंग', जुनं स्वीडिश 'कोनुंग', हे सगळे आद्य-जर्मॅनिक (या भाषांची समान पूर्वज भाषा) 'कुनिंगाझ'ची लेकरं, असं कोशांत असतं. पण त्या शब्दाच्या डोक्यावर तारका असते, म्हणजे तो कुठे लिहिलेला सापडलेला नाही. मग रचलेल्या शब्दापेक्षा आपला 'जनक' काय वाईट? एकोणिसाव्या शतकात संस्कृतपंडित मॅक्स म्युलरनेही हे दोन्ही जोडले होते. राजा म्हणजे प्रजेचा बाप, अर्थही चपखल बसतो.

प्रतिसाद १: अर्थ बसला म्हणून व्युत्पत्ती होत नाही हो. मूळ धातू एकच, 'जन्', हे मान्य. संस्कृत 'ज'च्या जागी तिकडे 'क' येतो, तोही नेमाने: 'जन' तर 'किन' (नातलग), 'आजानुबाहू'तला 'जानु' तर 'नी' (गुडघा; त्यातला मुका 'के' स्पेलिंगात अजून बसलाय). जर्मन भाषापंडित याकोब ग्रिमने १८२२ मध्ये हे नियम मांडले. पण शब्दाचं शेपूट बघा ना! 'इंग' म्हणजे 'त्या कुळातला', रघूचा राघव होतो तसा. 'कुन्या' म्हणजे कूळ, म्हणून 'कुनिंगाझ' हा कुळाचा लेक ठरतो, बाप नव्हे.

धागाकर्ता: मग गॉथिक (गॉथ या जुन्या जर्मॅनिक लोकांच्या भाषेतल्या) बायबलचं काय? चौथ्या शतकातलं भाषांतर, जर्मॅनिक भाषांतला सर्वांत जुना मोठा मजकूर. त्यात राजाला 'थिउदान्स' म्हटलंय. 'किंग'चा भाऊबंद तिथे औषधालाही नाही.

प्रतिसाद २: मुद्दा रास्त आहे, पण साक्षीदार शेजारी सापडतो. फिनिश ही संस्कृत, इंग्रजी ज्यात येतात त्या इंडो-युरोपीय कुळातली भाषाच नाही. तिनं फार पूर्वी हा शब्द उसना घेतला: 'कुनिंगास'. आजही तिथं पत्त्यातल्या राजालाही हेच नाव. शेवटचा 'आस' नीट पाहा. इंग्रजी, जर्मन, डच सगळ्यांनी तो गाळला, फिनिशनं जपला. तारकेखालचं रूप असं जवळजवळ जसंच्या तसं परक्या घरात मिळावं, याचा मला दर वेळी हर्ष होतो. लिथुआनियनमध्ये तोच शब्द 'कुनिगास', अर्थ मात्र आता पाद्री!

धागाकर्ता: तारकेबद्दलची माझी हरकत मागे घेतो. पण 'कुळातला' म्हणजे कुळातला प्रत्येक जण. राजा एकटाच कसा?

प्रतिसाद १: 'कूळ' इथे थोर घराण्याच्या अर्थाने घेतात. आणि तुमचाच 'थिउदान्स' घ्या. 'थिउदा' म्हणजे लोक. शब्दाच्या घडणीनं तोही नुसता 'लोकांचा' एवढंच सांगतो, तरी गॉथांना त्यातून राजाच कळत होता.