स्टेंटनंतरची ‘एखादी’ सिगारेट

‘स्टेंट बसवला, नळी मोकळी झाली, आता जेवणानंतर एखादी चालते’ असं स्टेंट बसवलेले काही जण सिगारेटबद्दल म्हणतात, ते मला धोक्याचं वाटतं. स्टेंट म्हणजे हृदयाच्या रक्तवाहिनीत बसवलेली बारीक जाळीची नळी; तो फक्त एक जागा उघडी ठेवतो, बाकीच्या रक्तवाहिन्या होत्या तशाच राहतात. शिवाय हृदयविकाराचा धोका सिगारेटच्या संख्येच्या हिशेबाने उतरत नाही: रोज एक ओढणाऱ्याचा जादा धोका वीस ओढणाऱ्याच्या साधारण निम्मा असतो, विसावा हिस्सा नव्हे. विडी तर ‘देशी, साधी’ म्हणून कमी घातक अजिबात नाही.

सिगारेट सोडताना तलफ भागवायला मिळणाऱ्या निकोटिन गमबद्दल ‘काही उपयोग होत नाही’ म्हणणारे बहुतेक तो च्युइंगगमसारखा चघळत सुटतात. मग निकोटिन लाळेबरोबर पोटात जातं, उचकी लागते, जळजळ होते, तलफ तशीच. हळू चावायचा, झिणझिण्या आल्या की गाल आणि हिरडीच्या मध्ये दाबून ठेवायचा. चव गेली की पुन्हा चावायचा. एक गम अर्धा तास पुरतो. आधी १५ मिनिटं आणि तोंडात असताना चहा-कॉफी नको. उठल्यावर अर्ध्या तासात पहिली सिगारेट लागणाऱ्याला २ ऐवजी ४ मिलिग्रॅमचा लागतो. ॲटॅक नुकताच आला असेल तर आधी हृदयरोगतज्ज्ञांना विचारा.

‘ओढल्याशिवाय पोट साफ होत नाही’ हे मात्र अगदीच खोटं नाही, सोडल्यावर काहींना बद्धकोष्ठता होते. इसबगोल घ्या, काही आठवड्यांत पोट सुरळीत होतं. आणि त्यावर उपाय म्हणून मिश्री (भाजलेल्या तंबाखूची पूड) नको, कृपा करून!

तंबाखू सोडायला मदत करणारी सरकारी मोफत फोनसेवा (क्विटलाइन): १८००-११-२३५६.