विषय: एमजीबीला स्पार्क प्लग कुठले टाकू?

नमस्कार मंडळी,
गणपतीच्या हॉल बुकिंगच्या मेलमध्ये हे घुसवत नाही, म्हणून वेगळा मेल. आमची १९६९ ची एमजीबी, जुनी ब्रिटिश स्पोर्ट्स कार, एकदाची रस्त्यावर आलीय, १७९८ सीसीचं इंजिन, दोन एसयू कार्बोरेटर, पॉइंट्सवालं जुनं इग्निशन, सगळं मूळचंच. पण सिग्नलला उभी राहिली की मिसिंग करते आणि प्लग काढून बघितले तर काळे. पार्ट्सच्या दुकानात म्हणाले इरिडियम टाका, ऑनलाइन कोणीतरी लिहिलंय की एका नंबराने जास्त गरम प्लग टाका म्हणजे काजळी आपोआप जळते. जुन्या गाड्यावाल्या काका-मावश्यांनो, सांगा ना, नक्की काय घेऊ?
– रेडिंगहून

---

अरे वा, एमजीबी म्हणजे भारीच की!
प्लगचं उत्तर एका ओळीचं आहे. एनजीके कंपनीचा बीपी६ईएस, गॅप (ठिणगी पडते ती फट) २५ थाऊ, म्हणजे इंचाचे २५ हजारांश, ०.६४ मिमीच्या आसपास. इरिडियम वाईट नसतो पण त्याचा मुख्य फायदा म्हणजे तो खूप टिकतो, आणि आपण उन्हं पडली की गाडी काढणारे लोक, साधे चार प्लग दरवर्षी बदलले तरी कितीसा खर्च येतो?

त्या नंबरातलं ई मात्र नीट बघून घे. ई म्हणजे आट्यांची लांबी १९ मिमी. तिथे एच असेल तर लांबी १२.७ मिमी, तो प्लग बसतो पण पूर्ण आत पोचत नाही, मग हेडमधल्या उघड्या आट्यांत कार्बन साचतो आणि पुढच्या वेळी योग्य प्लग घालायला गेलास की आटे खराब होतात. पी म्हणजे टोक थोडं पुढे आलेलं.

आता गरम प्लगचं. गरम प्लग इंजिन गरम करत नाही, फक्त टोकाची उष्णता हेडकडे सावकाश जाऊ देतो. टोक साधारण ४५० अंश सेल्सियसच्या वर राहिलं तर काजळी जळून जाते, ८०० च्या पुढे गेलं तर ठिणगी पडायच्या आधीच मिश्रण पेटायला लागतं आणि त्यात पिस्टनला भोक पडू शकतं. तू बीपी५ईएस, म्हणजे एका नंबराने गरम, टाकलास तर गावात प्लग स्वच्छ दिसतील, पण काजळी करणारं जास्तीचं पेट्रोल तसंच येत राहणार, सिलिंडरच्या भिंतीवरचं ऑइल धुऊन काढणार. आणि मोटरवेवर तासभर दाबलीस की तो प्लग नको तितका तापेल. काळा प्लग तुला काहीतरी सांगतोय रे, त्याचं तोंड बंद करू नकोस.

म्हणून आधी हे कळव, चारही काळे आहेत की काहीच? कोरडी काजळी की ओलं, तेलकट? आणि चोक ओढून, म्हणजे जास्तीचं पेट्रोल सोडून, अंगणात चालू करून बघू नकोस, त्यात कुठलाही प्लग काळाच होणार. दहा-बारा मैल चांगली पळवून आण, लगेच बंद कर, इंजिन निवलं की काढ, आणि काढताना कुठला कुठल्या सिलिंडरचा त्याच क्रमाने मांडून ठेव.
– काका, स्लाव

---

काकांना दुजोरा. माझ्या मॉरिस मायनरला पण बीपी६ईएसच आहेत. एकच जोडते, चॅम्पियन कंपनीचे घेणार असशील तर एन९वायसी घे, पण नंबर बघून गोंधळू नकोस, एनजीकेमध्ये आकडा वाढला की प्लग थंड आणि चॅम्पियनमध्ये आकडा वाढला की गरम. पुढेमागे पॉइंट्स काढून इलेक्ट्रॉनिक किट लावलंस तर आर (रेझिस्टर) असलेला घे, म्हणजे बीपीआर६ईएस. आणि नवीन प्लगचा गॅपसुद्धा फिलर गेजने बघूनच घाल, डब्यातून येतो तो तुझ्या गाडीसाठी असेलच असं नाही. बसवताना आधी हातानेच फिरव, टेकला की पान्याने अर्धा ते पाऊण फेरा, बास.
– मावशी, कॉव्हेंट्री

---

काका, मावशी, थँक यू! पळवून आणली. १ आणि २ मस्त बिस्किटी रंगाचे, ३ आणि ४ कोरडे काळे. हे काय?
– रेडिंगहून

---

मग सापडलं! या इंजिनात पुढचा कार्बोरेटर १-२ ला आणि मागचा ३-४ ला पेट्रोल देतो. इग्निशनची गडबड असती तर अशी नेमकी जोडी काळी व्हायची शक्यता कमी. तुझा मागचा कार्बोरेटर रिच चाललाय, म्हणजे पेट्रोल जास्त देतोय. चोक पूर्ण आत ढकल, मग मागच्या कार्बोरेटरच्या खालून जेटला (पेट्रोल येतं ती नळी) बोटाने वर दाबून बघ. जरा जरी वर सरकला तरी तो चोकनंतर परत जात नाहीये असं समज, बहुतेक लिंकेज सुकलंय नाहीतर केबल ताणलेली आहे. ते साफ करून तेल दे, केबलला किंचित ढील ठेव. हललाच नाही तर मागच्याचं मिक्श्चर एकेक टप्पा लीन (पेट्रोल कमी) करत जा, षटकोनी नट वर फिरवायचा. नवे प्लग त्यानंतर घाल, आत्ता घातलेस तर ३-४ चे पुन्हा काळेच होतील.
– काका