युंगा, चिमू की मोचिका?

पेरूच्या उत्तर किनाऱ्यावरील या लुप्त भाषेला मराठीत काय म्हणावे, या प्रश्नाला माझे उत्तर 'मोचिका' असे आहे. 'चिमू भाषा' हा प्रयोग मात्र टाळलाच पाहिजे.

'युंगा' हा मूळ केचुआ (अँडीज पर्वतभागातील भाषा) शब्द असून उष्ण, सखल प्रदेशाला आणि तेथील रहिवाशांना तो लावला जाई. रेके येथील धर्मगुरू फर्नांदो दे ला कारेरा यांनी १६४४ साली लिमा येथे प्रसिद्ध केलेल्या व्याकरणाच्या शीर्षकात हेच नाव घातले. जुन्या ग्रंथाचा उल्लेख करताना ते ठेवावे, एरवी ते फारच मोघम आहे.

चिमू हे या किनाऱ्यावरील जुने राज्य. 'चिमू'चा घोळ अधिक गंभीर आहे. एर्न्स्ट मिडेनडॉर्फ या जर्मन अभ्यासकाने १८९२ साली आपल्या ग्रंथाच्या नावात 'मुचिक' (म्हणजेच मोचिका) आणि 'चिमू भाषा' ही नावे एकमेकांना पर्यायी म्हणून दिली आणि तेव्हापासून अनेकांनी ती एकच मानली. परंतु धर्मगुरू व इतिवृत्तकार आंतोनियो दे ला कालांचा यांनी १६३८ सालीच चिमू राजाची भाषा 'किंग्नाम' असल्याचे लिहून मुचिक तिच्यापासून वेगळी नोंदवली होती. चिमूंची राजधानी चान चान मोचे खोऱ्यात होती, तर मोचिका अखेरपर्यंत टिकली ती उत्तरेकडे, लांबायेके भागातील एतेन या गावी, विसाव्या शतकाच्या सुरुवातीपर्यंत.

कारेरांच्या नोंदींत मला सर्वांत मोलाची वाटते ती दहाची मोजणी. माणसे किंवा घोडे मोजताना दहाच्या गटाला 'पोंग' म्हणत, तर नाणी व दिवस यांसाठी 'स्सोप' हा वेगळा शब्द होता. आपल्याकडील 'कोडी' (विसाचा गट) बहुधा वस्तूंसाठी वापरतात, तिची येथे आठवण होते. मोचिकात मात्र असा भेद व्याकरणातच मुरलेला होता, आणि कारेरांनी तो टिपला नसता तर तो आज समजणेही अवघड झाले असते.

उच्चाराचे काय, तर नेहमीच्या पाच स्वरांपलीकडचा एक स्वर 'ए'ने सुरू होऊन 'उ'ने संपतो, असे कारेरा सांगतात. त्याला देवनागरीत नेमके अक्षर नाही. शिवाय धर्मगुरू लुईस हेरोनिमो दे ओरे यांनी १६०७ साली छापलेल्या प्रार्थना, कारेरांचे व्याकरण आणि मिडेनडॉर्फचे लेखन यांत वर्णलेखन एकसारखे नाही. म्हणून मोचिका शब्द मराठीत देताना तो यांपैकी कोणाच्या नोंदीतून घेतला, हे सोबत लिहावे.